दुसऱ्या पाळीतल्या आगी

सोमवारी दुपारी पावणेचारला इनायतुल्ला मिस्त्री नेहमीसारखे डबा घेऊन जिनिंगच्या फाटकाशी आले, आणि चौकीदारानं त्यांना आत सोडलं नाही. त्यांची मुलगी उज्मा ऑफिसच्या खिडकीत उभी होती. ती त्याच जिनिंगमध्ये हिशेबाला होती. बोलणं काय झालं ते तिला ऐकू आलं नाही. अब्बांनी डबा या हातातून त्या हातात घेतला, एकदा आतल्या शेडकडे पाहिलं आणि सायकल हातात धरून ते पायीच परत वळले, एवढं दिसलं. सायकलवर बसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

ही जिनिंग धामणगाव रेल्वे या गावातल्या भगवंतरावांची. चोवीस रेचे, म्हणजे सरकीपासून रुई सोडवणारी चोवीस यंत्रं, आणि त्या चोवीसही यंत्रांची दुखणी इनायतुल्लांना तोंडपाठ. एकतीस वर्षं ते तिथं फिटर होते. दिवाळीपासून त्यांची दुसरी पाळी होती, दुपारी चार ते रात्री बारा. आणि दिवाळीपासूनच जिनिंगमध्ये आगी लागत होत्या. अडीच महिन्यांत पाच. मोकळी रुई साठते त्या हॉलमध्ये संध्याकाळी कधीतरी धूर दिसायचा, आरडाओरडा व्हायचा, बादल्या आणि पाइप धावायचे. माणूस दगावला नव्हता, पण शेवटच्या आगीत एका बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

२००५ चा तो हंगाम तसाही वाईट होता. कापसाला भाव नव्हता, आवक कमी होती, पेपरच्या पहिल्या पानावर रोज शेतकऱ्याच्या आत्महत्येचं नवीन गाव असायचं आणि लोक पेपर उलटा घडी करून ठेवायचे. अशा साली भगवंतरावांचे तीन लाख दहा हजार जळाले होते. त्यांचा पुतण्या विपुल जिनिंगचा सगळा कारभार पाहायचा. त्यानं रविवारी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "पाचयी आगी एकाच माणसाच्या पाळीत कशा लागतात? सांगा ना मले." सगळे आपापल्या कामाकडे वळले. पण सोमवारपर्यंत ते वाक्य चहाच्या टपरीवर पोचलं. तिथं इनायतुल्लांचं नाव घेताना एखाद-दुसरा भुवई उडवायचा, आणि उज्मा जवळून गेली की सगळे एकदम कपबशीत पाहायचे.

शुक्रवारी अकोल्याहून विम्याचा सर्वेअर येणार होता. त्याला कारण द्यायचं होतं. विपुलनं ते ठरवून ठेवलं होतं: घातपात. मग पोलिसांत नाव जाणार, हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

उज्मानं अमरावतीहून एम. कॉम. केलं होतं. तिथं तिला सगळ्यांत गोडी लागली ती संख्याशास्त्राची. बोलणाऱ्याचं तोंड पाहून आकडे बदलत नाहीत, हे तिला फार आवडायचं. तिला वाटलं, अब्बांची सुटका आकडेच करतील. सोमवारी ऑफिसातले सगळे गेल्यावर ती तासभर थांबली, हजेरीबुक आणि आगीची नोंदवही समोर घेतली आणि एका कागदावर तक्ता काढला. पहिली पाळी, दुसरी पाळी. आगीची तारीख, वेळ, कामावर कोण.

पाचातल्या पाच दुसऱ्या पाळीत. पाचही वेळा अब्बा कामावर.

तिनं वेळा पुन्हा तपासल्या. सहा चाळीस, सव्वासात, सहा, आठ दहा, सात. दोन पाळ्या सारख्याच तासांच्या. आग नुसती दैवानं लागत असती तर कधी या पाळीत लागली असती, कधी त्या पाळीत. नाणं पाच वेळा उडवावं आणि पाचही वेळा छापा पडावा, असं बत्तीसात एकदा घडतं. शंभरात तीन. तिचे सर सांगायचे, शंभरात पाचाच्या खाली आकडा आला की योगायोग म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण शोधायचं. परीक्षेत तिनं हे वाक्य किती वेळा लिहिलं होतं! आता तेच वाक्य तिच्या बापाकडे बोट दाखवत होतं.

तिनं कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात खुपसली.

घरी आली तेव्हा अब्बा ओसरीवर बसले होते. अम्मी, हलीमाबी, चुलीजवळून म्हणाली, "आल्यापासून जेवले नाईत. तू सांग." उज्मानं ताट वाढलं. अब्बांनी घास मोडला आणि तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. काळे पडलेले, नखांत ग्रीस बसलेले, लहानपणी तिला सायकलच्या दांडीवर बसवणारे हात. आणि त्याच क्षणी तिला आठवलं, दिवाळीत अब्बांनी पगारवाढ मागितली होती. विपुल म्हणाला होता, म्हातारपणी कोण देते वाढ. अब्बा त्या दिवशी घरी येऊन एक शब्द बोलले नव्हते.

तिला स्वतःचाच इतका धसका बसला, की ती पाणी आणायच्या निमित्तानं उठून आत गेली.

मंगळवार तसाच गेला. ऑफिसात कोणी मोठ्यानं हाक मारली तरी ती दचकायची. विपुल येऊन तिच्या टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "उज्मा, शुक्रवारी आगीचं रजिस्टर सर्वेअरले द्या लागते. पाळीनुसार नीट काढून ठेव." म्हणजे जो तक्ता तिनं लपवला होता, तोच त्याला तिच्या हातून हवा होता.

"ठेवते," ती म्हणाली.

बुधवारी तिला गंजीची खातेवही जुळवायची होती. आलेला कापूस आवारात ढीग करून ठेवत, त्या ढिगाला गंजी म्हणतात. यंदा चोरीच्या भीतीनं भगवंतरावांनी नवीन पद्धत पाडली होती: गंजीवर पडणारा कापूस काट्यावर मोजायचा आणि रेच्यांकडे जाणारी प्रत्येक ढकलगाडीही मोजायची. गंजी संपली की दोन्ही बेरजा जुळवायच्या. भीतीनं डोकं चालत नव्हतं, म्हणून उज्मा नुसत्या बेरजा करत बसली. बेरजेला डोकं लागत नाही.

पूर्वेच्या अकरा गंज्या ठीक होत्या. चारशे क्विंटल कापूस आला तर दोन-अडीच क्विंटल कमी भरायचा. कापूस वाळतो, धूळ झडते; तेवढी घट धरलेलीच असते. पण पश्चिमेकडच्या गंज्यांवर ती अडकली. तिथल्या सात गंज्या आतापर्यंत संपल्या होत्या. एकीत घट जवळजवळ नव्हतीच. दुसरीत आला त्यापेक्षा चाळीस किलो कापूस जास्त निघाला होता. तिसरीत साठ किलो जास्त.

पडून राहिलेला कापूस वाढत नाही. तिनं बेरीज पुन्हा केली. तीच आली.

दुपारच्या सुट्टीत ती आवारात गेली. कापूस निवडणाऱ्या बायांची मुकादम सत्यवती पश्चिमेच्या गंजीच्या सावलीत भाकर खात होती.

"काकू, या बाजूच्या कापसाचं वजन वाढते कसं?"

"वाढते?" सत्यवती हसली. "अवो, तळाची माती बी त्याच्यातच जाते ना! तिकडं पूर्वेले सिमेंटचा कोबा हाय. इकडं दिवाळीच्या आंधी विपुलभाऊनं गिट्टी टाकली, कोबा म्हागात जाते म्हून. आन यंदा सांगतलं, तळाचा एक बोंड सोडाचा नाई, फावड्यानं खरडून घ्या. आमी खरडतो. गिट्टी येचतो बी, पण किती येचाव बाई? अर्दी तं कापसातच गुरफटून जाते."

उज्मानं खाली पाहिलं. तिच्या चपलेखाली करड्या गिट्टीचे कोनदार तुकडे होते. तिनं एक उचलला. रेच्यात लोखंडाची सुरी असते, तिच्यावर हा खडा आपटला की ठिणगी उडते, हे फिटरच्या मुलीला कोणी सांगायला नको होतं.

पण वेळ जुळत नव्हती. पश्चिमेची गंजी तळाला यायची ती दुपारी, पहिल्या पाळीत. पहिल्या पाळीच्या बायांना घरी सोडण्याआधी तळ साफ करायची रीत होती. आगी मात्र संध्याकाळी.

त्या संध्याकाळी तिनं अब्बांना विचारलं. साधं विचारल्यासारखं विचारायचं तिनं ठरवलं होतं.

"अब्बा, रुईत ठिणगी पडली तं लगेच पेटते का?"

अब्बांनी झटकन मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते रागाचं नव्हतं. ते घाबरले होते.

"नाई," ते सावकाश म्हणाले. "रुई लगेच पेटत नाई बेटा. आतल्या आत धुमसते. तीन तास, चार तास. कवा कवा पाच. वरून हात लावला तं थंड लागते. मंग कोठून हवा लागली का भडकते." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "काहून विचारून राहिली?"

"असंच."

ते तिच्याकडे पाहत राहिले. तिनं नजर वळवली. दोघांमध्ये अम्मीनं ठेवलेला चहा निवून गेला.

गुरुवारी सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर तिनं नवा कागद घेतला. आगीच्या वेळेतून चार तास मागे जायचं आणि तेव्हा रेच्यांवर कोणत्या गंजीचा कापूस होता ते पाहायचं. सहा चाळीसच्या आधी दोन चाळीस: पश्चिम, गंजी दोन, शेवटच्या गाड्या. सव्वासातच्या आधी सव्वातीन: पश्चिम, गंजी तीन, शेवटच्या गाड्या. पाचातल्या चार आगी पश्चिमेची गंजी तळाला आली त्या दिवशीच्या होत्या. पूर्वेच्या अकरा गंज्या तळाला आल्या, एकदाही आग नाही. खडा पडायचा पहिल्या पाळीत, धूर निघायचा दुसऱ्या पाळीत, आणि धूर निघताना कामावर असायचे अब्बा.

उरलेली पाचवी आग, सहा वाजताची, मात्र कुठंच बसेना. त्या दिवशी दुपारी पूर्वेचा कापूस चालला होता, तोही गंजीच्या मधला. तिनं उलटसुलट करून पाहिलं. नाही बसली.

चार बसल्या, तरी बरंच झालं होतं. तिला जोरानं रडू आलं आणि तिनं ते गिळलं. अब्बा सुटले, असं वाटलं. मग वाटलं, हे सांगायचं कोणाला? विपुलची गिट्टी, विपुलचा फावड्याचा हुकूम. आणि सांगणारी कोण, तर मिस्त्रीचीच पोट्टी. बापाला वाचवायला आकडे बनवले, असं कोणीही म्हणेल.

या विचारातच अर्धा दिवस गेला. दोन वाजले तेव्हा काट्यावरचा सहदेव ढकलगाड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन आला. "पश्चिमची आठवी गंजी संपली," तो म्हणाला. "या शेवटच्या सहा गाड्या. तळ खरडून घेतला."

"या गेल्या आत?"

"कवाच्या. बाराले सुरू केल्त्या."

उज्मानं घड्याळ पाहिलं. बाराला सुरू, म्हणजे चार ते सहाच्या दरम्यान. आज.

आणि तेव्हा तिच्या मनात तो विचार आला. पुढं कितीतरी वर्षं तिनं तो कोणाला सांगितला नाही. गप्प राहावं. अब्बा घरी आहेत, सोमवारपासून घरी आहेत, सगळ्या गावानं पाहिलंय. आज आग लागली तर कोणत्याही तक्त्याची गरज नाही. विपुलचं तोंड आपोआप बंद होईल. तिला फक्त खुर्चीत बसून राहायचं होतं. सातात चारदा लागली होती. निम्म्याहून जास्त आशा होती.

आशा. हा शब्द मनात आला आणि ती शहारली. रुईच्या हॉलमध्ये या घडीला सत्यवतीच्या बारा बाया होत्या. चारनंतर दुसऱ्या पाळीच्या बारा येणार होत्या. भाजलेल्या बाईचे हात तिनं पाहिले होते. पट्टीतून बोटांची टोकं दिसत होती, फुगलेली.

ती उठली आणि भगवंतरावांच्या खोलीत गेली. विपुल समोरच्या खुर्चीवर होता. तिला ते एकटे हवे होते, पण आता थांबायला वेळ नव्हता.

"शेठजी, रेचे बंद करा. हॉलमधली रुई पसरून पाहा लागते. आतून धुमसत असन."

भगवंतरावांनी चष्मा काढला. "कोण म्हणते?"

"हे." तिनं दोन्ही कागद टेबलावर ठेवले. पर्समधला चुरगळलेलासुद्धा. का ठेवला ते तिला कळलं नाही. तो लपवून दुसरा दाखवला असता तर आपलंच बोलणं आपल्याला खोटं वाटलं असतं, एवढंच.

ती बोलत गेली. गिट्टी म्हणताना विपुल उभा राहिला.

"काका, बापासाठी करून राहिली हे. दिसत नाई काय तुमाले? एक तास रेचे बंद म्हणजे किती नुकसान होते!"

"सात हजार," उज्मा म्हणाली. हा आकडा तिला माहीत होता. "आन तळाचा कापूस खरडून आतापर्यंत जेवढा वाचवला, त्याची किंमत त्रेपन्न हजार होते. आगीत तीन लाख दहा हजार गेले."

पंख्याखाली कागदाचा कोपरा उडत होता. भगवंतरावांनी त्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे आज आग लागनच?"

"नाई शेठजी. सात वेळा तळ खरडला, चारदा लागली. आज लागन का नाई, मी नाई सांगू शकत."

"आन ही पाचवी? सहा वाजताची?"

"त्याचं मले मालूम नाई."

"मालूम नाई?"

"नाई बसत ती. लय पाहिलं."

भगवंतरावांनी चष्मा परत लावला. मग त्यांनी घंटी वाजवली आणि रेचे थांबवायला सांगितलं.

चोवीस रेच्यांचा गोंगाट एकाएकी थांबला, तेव्हा कानाला दडे बसल्यासारखं झालं. बाया हॉलच्या दारात गोळा झाल्या. ढीग पुरुषभर उंच होता, पांढराशुभ्र, शांत. सत्यवतीनं आणि सहदेवनं लोखंडी आकड्यांनी रुई ओढायला सुरुवात केली. पाइप धरून चौकीदार उभा होता. दहा मिनिटं गेली. काही नाही. पंधरा. विपुल दाराला टेकून मोबाइलशी चाळा करत होता. काही निघालं नाही तर काय, या भीतीत काही निघालं तर काय, ही भीती मिसळली होती, आणि दोन्हींतली कुठली मोठी ते उज्माला सांगता आलं नसतं.

"थांबा," सत्यवती एकदम म्हणाली. "वास येऊन राहिला."

कापड करपल्याचा वास. सहदेवनं हात घातला आणि झटक्यात काढला. "गरम हाय!"

भगवंतराव ओरडले, "मोकळं करू नका! आंधी पाणी!" पाइप सुरू झाला. भिजलेला गोळा बाहेर काढला तेव्हा त्याच्या आत नारळाएवढी काळी पोकळी होती आणि तिच्या कडांना लाल किनार अजून सरकत होती. बायांपैकी कोणीतरी हुंदका दिला. तासभरात हवा लागली असती, तर त्या सगळ्या त्याच ढिगाच्या आजूबाजूला असत्या.

"बिडी टाकली असन कोणी," विपुल म्हणाला. पण हळू.

भगवंतरावांनी त्याच्याकडे न पाहता सांगितलं, "पश्चिमची गिट्टी उद्या सकाळपासून उचलाले लाव. तू सोता उभा राय."

शुक्रवारी सर्वेअरला त्यांनी खरं ते सांगितलं. जिनिंगचाच हलगर्जीपणा म्हटल्यावर विमा कंपनीनं निम्म्याहून कमी रक्कम मंजूर केली. कोब्याला एक लाख ऐंशी हजार लागले, ते भगवंतरावांनी कुठूनसे उभे केले. विपुलनं उज्माशी बोलणं सोडलं. कामाच्या चिठ्ठ्या तो सहदेवच्या हाती पाठवू लागला. त्या हंगामात पुन्हा आग लागली नाही. पण हंगामाचे उरलेच होते किती दिवस. एवढ्यावरून काही सिद्ध होतं असं ती म्हणाली नसती.

अब्बांना बोलवायला शनिवारी भगवंतराव स्वतः आले. ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला, माफीचे शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत, पण उठताना म्हणाले, "इनायतभाई, तुमची पोरगी नसती तं पोलिसाच्या कागदावर मी सही करून बसलो असतो." मग बराच वेळ चपला शोधत राहिले. त्या समोरच होत्या.

ते गेल्यावर अब्बांनी विचारलं, "पयल्या कागदावर काय होतं?"

तिला खोटं बोलता आलं असतं.

"पाचयी आगी तुमच्या पाळीत. तेवढंच."

"मंग तुले काय वाटलं? मी लावतो?"

उज्माच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. "दोन दिवस वाटलं, अब्बा."

अम्मी दारातच थबकली. अब्बांनी चहाचा कप उचलला, त्यात काही नव्हतं, परत ठेवला.

"मले बी वाटलं," ते म्हणाले.

"काय?"

"का माह्याकूनच होऊन राहिलं. बोल्ट ढिला राहिला असन, पाना आत पडला असन. मले संध्याकाळी नीट दिसत नाई उज्मा. दिवाळीपासून दिवे गोल गोल दिसतात. सांगतलं तं काम जाईल म्हून सांगतलं नाई. आग लागली का मी पयले माह्ये पाने मोजत होतो." त्यांचा आवाज चिरकला. "हरेक बार मोजत होतो, बेटा."

ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. अम्मी आत जाऊन पुन्हा चहा ठेवायला लागली.

सोमवारी अब्बा कामावर गेले नाहीत. भगवंतरावांकडून सुट्टी घेऊन बापलेक सकाळच्या एसटीनं अमरावतीला गेले. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, डाव्यात मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं आणि शस्त्रक्रियेची पुढच्या महिन्यातली तारीख दिली. चिठ्ठी उज्मानं घेतली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अब्बांनी तिचा हात धरला. पायऱ्यांसाठी का आणखी कशासाठी, ते तिनं विचारलं नाही.